दुसऱ्या फेरीआधी

आमचा म्हातारा उपग्रह कागदोपत्री कधीच निकालात निघाला होता, पण त्याचे कान शाबूत होते. बोट बुडायला लागली आणि मच्छीमारांनी धोक्याचं बटण दाबलं, की ते त्याला ऐकू यायचं. नवे उपग्रह सगळे शेजारी देशाच्या तोफांवर डोळे लावून बसलेले. त्यांना बोटींशी काय देणंघेणं? म्हाताऱ्याची खोड एकच. पहिल्या फेरीत तो दोन जागा दाखवायचा, एक खरी, एक खोटी. खरी कुठली ते दुसऱ्या फेरीला कळायचं.

त्या सकाळी हाक आली ती दादाच्या बोटीची. माझ्या सख्ख्या भावाची. एक जागा आमच्या हद्दीत होती, दुसरी शेजाऱ्यांच्या.

आणि नेमका त्याच सकाळी साहेबांना म्हातारा क्षेपणास्त्राने उडवायचा होता. शेजाऱ्यांना धाक बसावा म्हणून!

"साहेब, एक फेरी थांबा. भाऊ आहे हो माझा."

"मंत्री येऊन बसलेत. आता थांबलो तर शेजारी म्हणतील, टरकले."

मी पाय धरले. हो, सगळ्यांदेखत धरले. साहेबांनी बूट मागे घेतले आणि इशारा केला. पडद्यावरचा ठिपका विझला, मंत्र्यांनी साहेबांना मिठी मारली.

बचाव बोट आमच्या हद्दीतल्या जागी गेली. तिथे नुसतं पाणी. म्हणजे दादा पलीकडे होता.

मी शेजाऱ्यांच्या तटरक्षकांना फोन लावला. सीमेवर गोळीबार चालू असतानाही ही माणसं बुडणाऱ्यासाठी फोन उचलायची. आज रिंग नुसती वाजत राहिली. दुसऱ्या कानाला मोबाइलवर वहिनी होती. "काही कळलं का गं? सांग ना!"

तेवढ्यात जेवणं उरकून मंडळी फोटोसाठी आत आली. मी साहेबांची बाही धरली. "साहेब, तुम्ही काहीतरी करा. ते फोन उचलत नाहीयेत."

"उचलत नाहीत?" साहेबांचा चेहरा फुलला. "सर, ऐकलंत का? घाबरले! फोनसुद्धा उचलत नाहीत!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी शिट्टीही मारली, मेल्याने.

मोबाइलवर ते सगळं वहिनीला ऐकू गेलं.

"सापडले ना गं?" ती हसत-रडत म्हणाली. "थांब हं, पोरांना सांगते."