स्टेशनाच्या भिंतीतली ओल

मे महिन्यात, छत गळत नसताना, माझ्यावर टांगलेली चित्रे खालच्या कडेने भिजली.

मित्रांनो, मी सांगलीजवळच्या एका जुन्या रेल्वे स्टेशनाची दगडी भिंत आहे. माझे दगड चुन्यात रचले आणि वर चुन्याचाच गिलावा दिला. दरवर्षी रहिमान गवंडी मला सफेदी देई. पलटणीत परतणाऱ्या जवानांच्या ट्रंका मला टेकून ठेवलेल्या असत. पुढे रूळ दुसरीकडून गेले. वीस वर्षे माझ्याकडे जाहिराती डकवण्यापुरतेच कोणी येई.

मग येथे कलादालन झाले. मागे नवे दालन वाढवले. मला छातीभर उंचीपर्यंत सिमेंट लावून त्यावर तैलरंग दिला. उद्घाटनाला माझे कौतुक झाले.

कडेगावच्या संयोगिताने माझ्यावर एक जलरंगचित्र लावले. सुट्टी संपवून निघालेले तिचे वडील याच फलाटावर उभे आहेत, असे ते चित्र. त्यांना समोर उभे करून तिने काढलेले ते एकमेव चित्र. वडील आता नाहीत. ओलीने आधी चित्रातले त्यांचे बूट विरघळले. पंधरवड्यात बुरशी गुडघ्यांपर्यंत चढली.

दालनाचे व्यवस्थापक वीरधवल यांनी छपरावर डांबर घातले. ओल राहिली. नळ गळत असेल म्हणून आठ दिवस नळ बंद ठेवले. ओल राहिली. आज-उद्या ओल हटेल या आशेने चित्र कोणी उतरवले नाही; तोवर बुरशी चेहऱ्यावर पोचली होती. शेवटी संयोगिता रहिमानला घेऊन आली. त्याचे वय आता ऐंशीच्या पुढे.

"चाचा, लय उपाय केले. वल हटंना," संयोगिता म्हणाली.

त्याने सिमेंटवर बोटे वाजवली. "सायब, भर उन्हाळ्यात म्हातारीला रेनकोट घातलाय तुमी!"

"अहो, मजबुतीसाठी लावलंय ते," वीरधवल म्हणाले.

"व्हय, तुमच्या मजबुतीनं हिच्या बापाचं त्वांड खाल्लं. त्या तिकीटखिडकीपाशी हात लावा."

तेथे माझा जुना गिलावा नमुना म्हणून राखला होता. वीरधवल यांनी हात लावला. तो कोरडा होता.

रहिमानने हातभर सिमेंट काढायला लावले. महिन्याने तेवढा भाग वाळला. चित्र तोवर कुजून गेले होते; संयोगिताने रिकामी चौकट उतरवून नेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूची काळजी घेण्यापूर्वी ती कशाची बनली आहे, ते विचारा. जमिनीतली ओल माझ्यात नेहमीच चढत होती. चुना ती हवेत सोडत होता. सिमेंट आणि तैलरंगाने ती वाट बंद केली. ओल त्यांच्या मागून आणखी वर चढली आणि सिमेंट जेथे संपते तेथे बाहेर पडली. चित्रांची खालची कडा नेमकी तेथे होती.