जवसाची दोरी आणि बारा पदार्थ

मी एक जुनी दोरी आहे, उड्या मारायची. खिळ्यावर टांगलेली आहे, पण मित्रांनो, निजलेली नाही. दार उघडलं की वारा आत येतो आणि माझी टोकं भिंतीवर टकटक करू लागतात. मला स्वस्थ बसवतच नाही.

ज्या जवसाची तुम्ही चटणी खाता, त्याच्याच खोडातल्या धाग्यांची मी. दूर उत्तरेकडच्या पानेवेझीस शहराजवळच्या खेड्यात स्तासेबाईंनी मला आपल्या मुलासाठी वळलं. मुलाचं नाव विल्मांतास. दिवसभर तो लाकडाच्या गिरणीत राबे आणि संध्याकाळी मुष्टियुद्धाचा सराव करी. आधी मी, मग हातमोजे.

"पोरा, पाय आहेत की पंखे?" त्याचे वस्ताद ब्रोनियुस म्हणत, आणि मी आणखी जोरात फिरे. सराव संपला की घामानं भिजलेली मी तशीच पिशवीत कोंबली जाई. आत मी तळमळत राही, कधी बाहेर पडते म्हणून.

त्या वर्षी विल्मांतासच्या वयाची मर्यादा संपत होती. देशाच्या स्पर्धेत उतरायची शेवटची संधी. नाताळ झाला की लगेच वजनगटासाठी स्पर्धकांचं वजन होणार होतं.

वस्तादांनी बजावलं होतं, "ठोसे नंतर, आधी काटा. घासभर जास्त भरलास तरी घरी पाठवतील."

पण आमच्या मुलखात नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी बारा पदार्थ मांडतात आणि प्रत्येक पदार्थ चाखावाच लागतो. जो एक सोडेल, तो पुढच्या वर्षी त्या टेबलाशी नसतो, असं म्हणतात. वर्षभरात घरातलं कोणी वारलं असेल, तर त्याचं ताट रिकामं मांडतात, आणि यंदा एक ताट रिकामं होतं. विल्मांतासच्या वडिलांचं.

"आई, मासा नको. खसखशीचं दूधही नको."

"तुझ्या बापानंही गेल्या साली अळंबी नको म्हटलं होतं."

विल्मांतासनं वाडगा पुढे ओढला. मग त्यानं खायला सुरुवात केली आणि कित्येक दिवसांची भूक उसळून आली.

"अरे, चमचाभर चाख म्हटलं, वाडगाभर नव्हे!" आई डोळे पुसता पुसता हसली.

वजनाच्या सकाळी काटा जरासा झुकलाच. कपडे उतरवले, तरी तेच. पंच म्हणाले, "तासाभरानं पुन्हा बघू."

घाम गाळून वजन उतरवायला विल्मांतासनं स्वेटरवर स्वेटर चढवले आणि मला उचललं. मी जीव तोडून फिरले. पण ओल्या पिशवीत कुजलेले माझे धागे किती तग धरणार? मी मधोमध तुटले.

"संपलं याचं," कोणीतरी पुटपुटलं.

विल्मांतास थांबला नाही. दोन हातांत माझे दोन तुकडे गरगर फिरवत तो उड्या मारत राहिला, जणू मी अखंडच होते.

"वेडा झालास काय रे?" वस्ताद ओरडले. मग त्याहून मोठ्यानं, "थांबू नकोस!"

तासाभरानं पुन्हा वजन केलं, तेव्हा काटा सरळ झाला.

पहिली लढत तो जिंकला, दुसरी, म्हणजे उपांत्य लढत, गुणांवर हरला. कांस्यपदक घेऊन घरी आला. आईनं पदक उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?" मग माझ्या तुकड्यांना घट्ट गाठ मारली.

मित्रांनो, राबून भिजलेली वस्तू कोंबून ठेवू नका, पसरून वाळवा. आणि गाठ पडली म्हणून तिला कायमची टांगू नका. गाठीची दोरीही फिरते, जरा अडखळते इतकंच.

पुढच्या नाताळात बारा पदार्थ मांडले, तेव्हा विल्मांतास टेबलाशी होता. रिकामं ताट एकही नव्हतं. मी खिळ्यावरून पाहत होते, टोकं टकटकवत.