सोळाचे सतरा

"मी सोळा लिहिले होते," बाबा पुरवणीतल्या आपल्या कोड्यावर बोट ठेवून म्हणाले. "इथे सतरा छापलेत."

छापताना चूक झाली असेल, असं लेक मान वर न करता म्हणाली. बाबांना ते पटणं शक्य नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ते घरोघरी विजेचे मीटर तपासत होते. आकडा आपोआप बदलत नाही, कोणीतरी तो बदलतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. शिवाय आडव्या ओळीची बेरीज एकाने वाढली होती, तशी उभ्या ओळीचीही वाढली होती. इतकी शहाणी चूक छापखान्यात होत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पुरवणीत दर रविवारी त्यांचं कोडं येई. चौकटींत एक ते नऊ आकडे भरून कडेची बेरीज जुळवायची, एका ओळीत एकच आकडा दोनदा आणायचा नाही, आणि उत्तर एकच निघायला हवं. खाली त्यांचं नाव असे. बायको गेल्यापासून सोमवारी उठावंसं वाटायचं ते पुढचं कोडं रचण्यासाठी. नवा उपसंपादक आपला पत्ता कापायला निघालाय, असा त्यांनी तर्क केला आणि फोन लावला. तो बिचारा अदबीने म्हणाला की मेलमध्ये सतराच आले होते. मेल लेक पाठवत असे. जावई तर साधी बेरीजही बोटांवर करणारा, त्याच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता.

बाबांनी जुनी युक्ती केली. नवं कोडं लेकीच्या हाती दिलं, फिरायला जातो म्हणून चपला घातल्या आणि कोपऱ्यावरूनच परत फिरले. ते लेकीच्या मागे येऊन उभे राहिले तेव्हा पडद्यावर आकडे धावत होते.

"काय चाललंय हे?"

ती दचकली. मग सगळं सांगून टाकलं. तिने एक प्रोग्राम लिहिला होता. तो डोकं वगैरे लढवत नाही. प्रत्येक चौकटीत एकेक आकडा घालून बघतो, अडला की मागे येतो, दुसरा घालतो. म्हणजे सगळ्या किल्ल्या लावून बघणारा चोर, बाबा म्हणाले.

"मग काय म्हणतोय तुझा चोर?"

"याला उत्तरच नाही म्हणतोय, बाबा."

तो प्रोग्रामच खोटारडा असणार. बाबांनी आतून आपलं एक जुनं कोडं आणलं, वाचकांना रडवलेलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं, आणि एकच आलं. बाबांना अभिमान वाटला, पण म्हणजे प्रोग्राम खोटारडा नव्हता.

मागच्या वेळी कुठे चुकलो, असं त्यांनी विचारलं. तिने बोट ठेवलं. दोन चौकटी, बेरीज सोळा. त्यांनी आठ आणि आठ धरले होते. नियम त्यांचा स्वतःचा होता.

"कधीपासून बदलतेयस?"

"बरेच दिवस झाले."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही कोडं बंद केलं असतंत."

बाबांनी पेन्सिलीने त्या दोन्ही आठांवर काट मारली. मग म्हणाले, यापुढे तू हात लावायचा नाही. चुकलं तर कागद माझ्याकडे परत द्यायचा.

तेव्हापासून कागद या खोलीतून त्या खोलीत फिरू लागला. कधी उत्तर नसे, कधी ढीगभर असत. बाबा खोडत, पुन्हा मांडत. पुढे पुढे खेपा वाढत गेल्या. एकदा तर कोडं पाठवायची वेळ होत आली, तरी जुळेना. खोडून खोडून कागद विरला होता. बाबांनी शेवटचा बदल करून तो लेकीला दिला आणि तिथेच खुर्चीत बसले. तिची त्यांच्याकडे पाठ होती. कीबोर्ड जरा जास्तच वेळ वाजला.

"किती उत्तरं?"

ती थोडी थांबली. "एक."

ते थांबणं बाबांच्या चांगलंच ओळखीचं होतं. मीटरचं झाकण उघडायला सांगितलं की माणसं अशीच थांबत. पडदा दोन पावलांवर होता. ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन अर्धवट उठले, आणि परत बसले.

"बरं. पाठव मग," ते म्हणाले आणि मांडीवर सांडलेला खोडरबराचा भुगा तळहाताने गोळा करू लागले.