पुढचं दार

आयर्लिस प्रोबर्टने आठवडाभर शेजारचं घर पुन्हा पुन्हा तपासलं होतं. ते तिला मावशीकडून मिळालेलं. तिथे भाड्याने राहत होता हेडन, बायको मेगन गेल्यापासून एकटाच. आता नवा नियम आला होता: परवाना असेल तरच घर भाड्याने देता येईल. परवाना नाकारला, तर सत्तरी ओलांडलेल्या हेडनला निघावं लागणार, आणि या गल्लीत त्याला परवडेल असं दुसरं घर नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवलेली आयर्लिस म्हणून रोज धुराची घंटा वाजवून पाही, गरम पाण्याच्या नळाखाली थर्मामीटर धरी.

"मालकीणबाई, आता मलाच एकदा तपासून घ्या," हेडन चहा ओतत म्हणाला. "गळतो का कुठे ते."

"तुझं तोंडच गळतं सारखं. तपासणीच्या बाई येतील तेव्हा जरा बंद ठेव."

आयर्लिस नेहमीसारखी बोळातून, मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली होती. इथे सगळे तसेच येत. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. या गल्लीत पुढचं दार उघडायचं ते लग्नाला, नाहीतर शवपेटी बाहेर काढायला.

"मागून या!" हेडन ओरडला.

आयर्लिसने मात्र कपाळावर हात मारला. सगळं तपासलं, आणि हे दार डोक्यातच आलं नाही! मेगनची पेटी गेली त्या आठवड्यात हेडनने दाराच्या फटी बुजवून वरून रंग फासला होता आणि मेगनचं शिवणयंत्र त्याला आडवं लावलं होतं. तेव्हापासून आयर्लिसच्या लेखी तिथे भिंतच होती.

निरीक्षक मिस बॅगली कार्डिफहून आलेली, तरुण, मऊ आवाजाची. तिने शिवणयंत्राकडे पाहिलं.

"स्वयंपाकघरात आग लागली तर हे गृहस्थ कुठून बाहेर पडणार?"

आयर्लिसला उत्तर ठाऊक होतं. मागचं दार स्वयंपाकघरातच होतं.

"हे असं असेल तर मला परवाना देता येणार नाही," मिस बॅगली म्हणाली. मग जिन्याकडे वळली. "आधी वरच्या खोल्या बघते. जाताना मात्र मी या दाराने जाणार आहे."

ती वर गेली. हेडन हलला नाही.

"हेडन, अरे—"

"शेवटची तीच गेली गं या दाराने."

"ठाऊक आहे मला. मीच धरलं होतं ना दार तेव्हा?" आयर्लिस हळू म्हणाली. "मेगनला विचारलं असतंस, तर तिने काय म्हटलं असतं?"

हेडनने नाक ओढलं. "म्हणाली असती, माझं यंत्र जळू देऊ नकोस, गाढवा."

त्याने यंत्र बाजूला सरकवलं. आयर्लिसने रंग खरवडायची पट्टी फटीत घातली. घाई न करता, चारी बाजूंनी, थोडं थोडं. उन्हाळा कोरडा गेला होता. लाकूड आक्रसलेलं असणार, हा तिचा हिशोब. कडी निघाली. हेडनने दोन्ही हातांनी ओढलं आणि दार असं अचानक उघडलं, की तो धपकन जिन्याच्या पायरीवर बसला.

मिस बॅगली खाली आली, उंबरठा ओलांडून रस्त्यावर उभी राहिली. मग वळून तिने दार दोनदा उघडून मिटून पाहिलं.

"हे असंच मोकळं ठेवा. मग परवान्याला माझी हरकत नाही."

दारात उभ्या आयर्लिसला रडू फुटलं. तिने रुमाल तोंडाला लावला.

समोरच्या घराचा पडदा ओढला गेला. मग त्याच्या शेजारचा, मग पलीकडचा. मृताला मान द्यायची गल्लीची रीतच ती. मिसेस पॅरी तर ॲप्रन सोडत रस्ता ओलांडून आली.

"अगं आयर्लिस, हेडन गेला गं? काल तर गात होता!"

"गेलो नाही, इथेच राहणार आहे," हेडन पायरीवरून ओरडला. "चहा गरम आहे. या ना, पुढूनच या!"