वाफेतला हात

त्या सकाळी मुख्य रस्त्यावर एवढी माणसे लोटली होती की, हे गाव ओस पडले आहे यावर परक्याचा विश्वास बसला नसता. कुलूपबंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे, गंजलेल्या हातगाड्यांवर माणसे. आणि बेकरीच्या फुटक्या खिडकीशी तर एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभी असलेली माणसे. आत दर्पणस्वामी उभे होते. त्यांनी हातातल्या किटलीची तोटी भिंतीवरच्या आरशाकडे वळवली. काच वाफेने धुरकटली आणि त्या धुरकटपणात पाची बोटे पसरलेला एक स्वच्छ तळहात हळूहळू उमटला.

"माझ्या हिचाच!" बेकरीवाला किंचाळला. "करंगळी बघा ना! भट्टीत पोळून वाकडी झालेली!"

"किटली म्हणू नका हिला, मायबाप!" स्वामींचा आवाज चढला. "ही पाणपोई आहे! तहानलेल्या आत्म्यांची पाणपोई! आत्मा पाण्यात राहतो, वाफेत जागतो आणि काचेत बोलतो. ज्या घराने हात दिला, ते घर शुद्ध झाले. खुशाल राहायला या. मृताच्या वस्तूंचा मोह तेवढा सोडा."

मोह सोडण्याची सोयही स्वामींनी करून ठेवली होती. भक्तांचा सुटलेला मोह त्यांचे शिष्य उचलीत आणि बाहेरच्या टेंपोत रचीत. पितळी पातेली, शिसवी खुर्च्या आणि एक पंखा इतका मोह आतापर्यंत टेंपोत चढला होता.

गर्दीच्या कडेला बाई उभ्या होत्या. या गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले, म्हणून लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. गाव का उठले हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? जमिनीखालच्या जुन्या खाणीत कोळसा पेटला होता. तो विझेना. त्याचा विषारी वायू, ज्याला ना रंग ना वास, भेगांतून घरांत शिरू लागला. काही वर्षांपूर्वीच्या एका कडक थंडीत काही माणसे झोपली ती उठलीच नाहीत. बाईंचे थोरले बंधू, त्यांचे दादा, त्यांतलेच एक. उरलेल्यांना नेसत्या वस्त्रांनिशी हलवण्यात आले. आता सामान नेण्यापुरते दिवसा येऊ देत. रात्री थांबू नये, असा फलक वेशीवर होता.

दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडी बधिर करतात. दादा गेल्यापासून बाईंचे मन तसे झाले होते. फरक इतकाच की, तो बधिरपणा अद्याप उतरला नव्हता.

बेकरीतून मिरवणूक दादांच्या घरी आली. पुढे बाईंची वहिनी आणि तिचे बोट धरून तिची नात. दार ढकलताच शिळी, कोंदट हवा अंगावर आली. मेजावर दादांचा चष्मा तसाच घडी घालून ठेवलेला, पेल्याच्या तळाशी चहाचे वाळलेले वर्तुळ. खिडकीच्या फटींत थंडी येऊ नये म्हणून दादांनी कोंबलेल्या चिंध्या जिथल्या तिथे होत्या. शिवणयंत्राच्या सुईखाली एक झगा अर्धवट अडकून पडला होता. ज्या नातीसाठी तो बेतला होता, तिच्या कोपरापर्यंतही त्याची बाही आता पोचली नसती. या साऱ्यावर बोटभर धूळ.

किटली वर झाली. आरशात हात उमटला.

"अगं बाई!" वहिनी मटकन खाली बसली. "ह्यांचाच हात! दारात चिमटलेली करंगळी!"

"घराने हात दिला, माउली!" स्वामी गरजले. "आज रात्री इथेच बिछाना टाक. नातीला कुशीत घे. आजोबा राखण करतील."

शिष्य शिवणयंत्राकडे वळले. मिरवणूक टपालवाल्याच्या घराकडे निघाली.

"वहिनी, उठा," बाई म्हणाल्या. "खाली अजून आग आहे."

"त्यांनी हात दाखवलाय, वन्सं. मी आज इथंच झोपणार. पोरीला घेऊनच."

"दादाला राखण करता आली असती, तर तो स्वतः गेला असता का?"

"तुमचं पुस्तकी बोलणं तुमच्यापाशीच ठेवा!" वहिनी उसळली. "तुम्ही तर रडलासुद्धा नाहीत. तुम्हाला काय कळायचं?"

आरोप खरा होता. वहिनी नातीला घेऊन मिरवणुकीमागे गेली, तरी बाई आरशासमोरच उभ्या राहिल्या. दादांचा हात दिसला तेव्हाही आत काही हलले नव्हते. आत काही हलत नव्हते, म्हणूनच की काय, डोळे मोकळे होते. चष्म्यावर धूळ, कंगव्यावर धूळ, आरशाच्या चौकटीवर धुळीचा थर. मग काच तेवढी लख्ख कशी? मेलेला माणूस येतो, तो आधी फडके मारून येतो काय?

त्यांनी काचेजवळ तोंड नेऊन श्वास सोडला. करंगळी उमटली. ना किटली, ना पाणपोई.

"जरा थांबा रे," त्या यंत्र उचलणाऱ्या शिष्यांना म्हणाल्या आणि त्याच्या खणातून शिवणाचा खडू व नमुने उतरवण्याचा पारदर्शक कागद काढून घेतला. एकेका बोटावर श्वास सोडीत त्यांनी त्या हाताची कड काचेवर खडूने आखली, वर कागद धरून ती पेन्सिलीने उतरवली. मग त्या एकट्याच बेकरीत गेल्या. तिथल्या आरशावरही श्वास सोडला, कड आखली, आणि तोच कागद वर धरला.

पाऊण तासाने मिरवणूक टपालवाल्याच्या घरातून बाहेर पडली, तेव्हा बाई तो कागद पुढे धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

"बेकरीवाले, हा हात कोणाचा?"

"विचारता काय बाई? माझ्या हिचा!"

"टपालवाले, तुम्ही बघा."

"हा तर माझ्या आईचा! संधिवातानं करंगळी अशीच वाकली होती तिची. आत्ताच दर्शन झालं."

"वहिनी?"

वहिनीने कागदावरून बोट फिरवले. "ह्यांचा," ती पुटपुटली.

"कागद एकच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या तिघांच्या माणसांना मिळून हात एकच कसा?"

माणसे कागद पाहायला पुढे सरकली. स्वामी मात्र डगमगले नाहीत.

"अज्ञान! देह गळाला की सर्व आत्मे एक होतात. मग हातही एकच व्हायचा!"

"मान्य," बाई म्हणाल्या. "पण आपण अजून देहात आहात. आपला उजवा हात या कागदावर ठेवा."

स्वामींनी मूठ मिटली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची!" मागून कोणीतरी ओरडले.

कणीक तिंबून घट्ट झालेल्या हातांनी बेकरीवाल्याने ती सव्वा लाखाची मूठ उघडली आणि कागदावर दाबली. बोटांवर बोटे बसली. वाकडी करंगळी वाकड्या रेषेत अचूक जाऊन पडली.

बाईंनी धूळ धुवायला पिशवीत आणलेला साबण ओल्या तळव्याला चोळला, जादा फेस झटकला आणि तळवा शेजारच्या दुकानाच्या काचेवर टेकवला. फुंकरीने काच वाळली, काही दिसेना. मग त्यांनी स्वामींचीच किटली धरली. बाईंचा हात उमटला.

"नुसत्या काचेवर वाफेचे थेंब थेंब बसतात, म्हणून काच धुरकट दिसते. साबणावर थेंब धरत नाहीत, पाणी सपाट पसरते, म्हणून तेवढी जागा स्वच्छ राहते. काल कोणी बघत नसताना हे स्वामी फडके मारून, साबणाचा हात टेकवून गेले. एवढाच तो आत्मा."

"माझ्या आईचा फोटो!" टपालवाला टेंपोकडे धावला. त्याच्यामागे सगळेच धावले. स्वामी कोणत्या गल्लीतून गेले, ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.

वहिनी तिथेच उभी होती. "जन्म काढला मी त्यांच्यासोबत," ती म्हणाली. "तो हात मला ओळखता आला नाही, वन्सं?"

"मलाही आला नाही, वहिनी. मी फक्त ताडून पाहिला."

दोघी नातीसह घरात परतल्या. लोकांनी टेंपोतून उतरवलेले शिवणयंत्र दाराशी आणून ठेवले होते. बाईंनी खिडकीतल्या चिंध्या एकेक उपसून काढल्या. दादांनी स्वतःच्या हातांनी, नीट घड्या करून, फटीफटीत दाबून बसवलेल्या. त्या त्यांनी वहिनीच्या ओंजळीत ठेवल्या.

"दादाचा हात हवा असेल तर तो हा. थंडी येऊ नये म्हणून त्याने फटी बुजवल्या. थंडी बाहेर राहिली, वायू आत राहिला. यात कोणाचा शाप नाही, कोणाचा कोप नाही. आठवण येईल तेव्हा रडा, वहिनी. माझ्याही वाटणीचं रडा. पण जी हवा घेऊन तो उठला नाही, तिच्यात पोरीला झोपवू नका. आरशाने काही सांगितले तर काच पुसून पाहा, आणि माणसाने सांगितले तर त्याचा हात पाहायला मागा."

वहिनीने पदराच्या टोकात चिंध्या बांधल्या, सुईखालचा तोकडा झगा सोडवून घेतला आणि नातीला कडेवर घेतले.

दिवस मावळायच्या आत तिघी वेशीबाहेर पडल्या. दार त्यांनी उघडेच ठेवले.