सान हुआनची संकष्टी

माझ्या नवऱ्याला, त्र्यंबकला, कुठेही न्या, तो त्या जागेची शाळेची सहल करून टाकतो. पोर्तो रिकोला जाऊ या म्हणून मी सलग दोन हिवाळे त्याचं डोकं खाल्लं होतं. मृणालिनी आणि तिचा नवरा तिथे जाऊन आले, आणि त्यांनी आम्हा ॲन आर्बरच्या मराठी मंडळींना घरी बोलावून बटाटेवड्यांबरोबर स्लाइड्स दाखवल्या. किल्ले झाले, जंगल झालं, आणि शेवटी भिंतीवर एक गच्ची आली. समुद्राकाठची, दिव्यांच्या माळा लावलेली. बायका-पुरुष नाचतायत आणि एक म्हातारा डफ वाजवतोय. स्लाइड बदलली तरी मी भिंतीकडेच बघत होते. लग्नाआधी पुण्यात कॉलेजच्या गॅदरिंगला मी नाचले की पोरं बाकं बडवायची. लग्नानंतर मी नाचले ती फक्त ड्राइव्हवेवरच्या बर्फावर, तीही पडू नये म्हणून.

शेवटी चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत निघालो. आम्ही दोघं आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई. त्र्यंबक युनिव्हर्सिटीत प्रकाशावर संशोधन करतो, त्यामुळे अंधार पडला की त्याला झोप येते. तिथल्या सान हुआन शहरात उतरल्यापासून त्याने आम्हाला सकाळी सहाला उठवून निसर्ग दाखवला. जंगलात नेलं आणि नेच्यांवर व्याख्यान दिलं. किल्ल्यावर नेलं आणि भिंतींची जाडी सांगितली. रात्री ज्या खाडीचं पाणी हात घातला की चमकतं, तिथे जायचं त्याने रद्द केलं, कारण ते पाणी का चमकतं हे त्याला आधीच माहीत होतं. आठ वाजता आमच्या खोलीतला दिवा बंद. बाहेर अंगठ्याएवढे बेडूक ‘को-की, को-की’ करत बसायचे, आणि लांबून डफाचा आवाज यायचा. बेडकांना पण रात्र होती, मला तेवढी नव्हती.

शेवटून दुसऱ्या रात्री मी सांगून टाकलं की उद्या मला त्या गच्चीवर जायचंय, आणि एक गाणंभर का होईना, नाचायचंय. तुझ्याबरोबर. यावर तो कुजबुजला, “आईसमोर? तिला काय वाटेल?”

हे त्याचं ठेवणीतलं हत्यार. मी केस कापायचे म्हटलं, आईला काय वाटेल. स्विमिंग शिकायचं म्हटलं, आईला काय वाटेल. तेव्हा आई नागपुरात आणि आम्ही मिशिगनमध्ये, मध्ये दोन समुद्र. आईला खरंच काही वाटतं की नाही, हे आजवर कुणी तिला विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, त्यांनाही नेऊ. तो म्हणाला, तुझं डोकं फिरलंय का. मग मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. उद्या नाही गेलो तर परत बर्फात जायचं आणि म्हातारं व्हायचं, एवढंच मला दिसत होतं. पडद्यापलीकडच्या पलंगावर सासूबाई डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपल्या होत्या.

सकाळी बघते तर त्या अंगणात आमच्या घरमालकीणबाईंबरोबर हिरवी केळी सोलत बसलेल्या. एक मराठीत बोलायची, दुसरी स्पॅनिशमध्ये, आणि दोघींचं चांगलंच मेतकूट जमलं होतं. मला पाहून सासूबाई म्हणाल्या, आज माझी संकष्टी आहे, मी जेवणार नाही, रात्री चंद्र बघूनच उपास सोडेन.

त्यांच्या उपासांचा हिशेब चित्रगुप्ताला जमणार नाही. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, मध्येच एखादा नवसाचा. मी मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं. त्र्यंबक तर जगातली कुठलीही गोष्ट मोजेल, पण तिथी म्हटलं की आई म्हणेल ती पूर्व. त्याने मान डोलावली. अडचण एकच होती. आमच्या घराच्या पूर्वेला उंचच्या उंच हॉटेल उभं होतं, चंद्र दिसणार कुठून? सासूबाई म्हणाल्या, मी चौकशी केलीय. घरमालकीणबाईंनी केळं सोलायची सुरी उचलून दिशा दाखवली. पूर्वेला उघडा समुद्र असलेली आसपास एकच जागा होती, आणि ती कुठली हे मला सुरी वर जायच्या आधीच कळलं.

त्र्यंबकचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिथे गाणीबजावणी असते, दारू असते, असं तो चाचरत म्हणाला. सासूबाईंनी शांतपणे विचारलं की मग मी उपाशी झोपू का? 

संध्याकाळी आम्ही निघालो. सासूबाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली, चांदीची वाटी, आणि अंगणातली लालभडक जास्वंद. गच्चीवरच्या वेटरने त्यांना वाकून नमस्कार केला आणि समुद्राकडचं टेबल दिलं. मेन्यूत तळलेली केळी होती, रताळी होती, शहाळ्याचं पाणी होतं. सासूबाई म्हणाल्या, हे बेट देवाने उपासासाठीच केलंय. डफवाला म्हातारा तोच होता, स्लाइडमधला. मी पदर खोचून बसले होते आणि माझे पाय टेबलाखाली आपले आपण चालले होते.

त्र्यंबकने जाहीर केलं होतं की नऊच्या सुमाराला चंद्र उगवेल, पाणी सोडायचं आणि उठायचं. नऊ वाजले, चंद्र नाही. तो म्हणाला, बरोबरच आहे, इथलं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे आहे, म्हणजे दहा. दहा वाजले. तो म्हणाला, क्षितिजावर ढग असणार. आकाशात चांदण्यांचा सडा पडला होता, ढगाचं नाव नव्हतं. मग त्याने अक्षांश काढले. मी शहाळं पीत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी चंद्राला उशीर कर म्हणून विनवत होते.

मग सासूबाईंनी आपली खुर्ची उचलली आणि पूर्ण फिरवून ठेवली. तोंड समुद्राकडे, पाठ आमच्याकडे आणि नाचणाऱ्यांकडे.

“मी चंद्राकडे बघते,” त्या म्हणाल्या. “मला मागचं काही दिसत नाही.”

त्र्यंबकने त्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याला दंडाला धरून उठवलं. पहिलं गाणं तो ओठातल्या ओठात आकडे मोजत होता, आणि त्याने माझ्या पायावर दोनदा पाय दिला. सासूबाईंसमोर मी त्याला नेहमी अहो म्हणते, पण तिथे भान कुणाला. “अरे, मोजू नकोस, पाय उचल,” मी ओरडले. तो दचकला, त्याने आधी आईकडे बघितलं. पाठ हलली नाही. मान मात्र डफाच्या तालावर डोलत होती. ते बघून त्याच्या अंगातला किल्ला ढासळला असावा. तिसऱ्या गाण्याला माझा नवरा हसत होता, घामाघूम झाला होता, आणि मला गिरकी द्यायला शिकला होता. मी इतकी खूश होते की मला पुन्हा रडू येत होतं, आणि या वेळी राग आला नाही.

बारा वाजून गेल्यावर कधीतरी चंद्र उगवला. आम्ही धापा टाकत टेबलाशी आलो. समुद्रातून वर आला तो बरोबर अर्धा, मधोमध कापलेला. चतुर्थीच्या चंद्राची नुसती कड झिजलेली असते, हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

“आई, हा निम्माच कसा?” त्र्यंबकने विचारलं.

“अमेरिकेतला आहे तो,” त्या म्हणाल्या. “त्याला आपल्या तिथी कुठून ठाऊक?”

आणि प्रकाशावर संशोधन करणाऱ्या माझ्या नवऱ्याने मान डोलावली.

मला मात्र निघण्याआधीची, घरी सामान बांधतानाची रात्र आठवली. बाहेर बर्फ, चंद्राचा पत्ता नाही, आणि सासूबाईंनी खिडकीलाच पाणी दाखवून माझ्या हातावर मोदक ठेवला होता. मी एका हाताने तो खात दुसऱ्या हाताने बॅगेची चेन ओढत होते. चतुर्थी तेव्हाच झाली होती. मी तोंड उघडलं. त्यांनी त्यात तळलेल्या केळ्याचा तुकडा घातला, प्रसाद म्हणून.

त्र्यंबक टॅक्सी बघायला खाली गेला. त्यांनी जास्वंद घालून वाटीतलं पाणी चंद्राला सोडलं. मी हळूच म्हटलं, आई, आज चतुर्थी नव्हती.

“उपास खोटा नव्हता,” त्या म्हणाल्या. “जेवले का मी दिवसभर? चतुर्थी तेवढी उसनी घेतली, देवाला सांगून.” मग वाटी पुसत पुसत म्हणाल्या, “मला सायकल शिकायची होती गं. तुझे सासरे म्हणायचे, आईला काय वाटेल. सासूबाई गेल्या, तोवर माझे गुडघे गेले.”

 मी त्यांचा हात धरून बसले. तो केळ्याच्या तेलाने चिकट झाला होता.

त्र्यंबक परत आला. टॅक्सी उभी आहे म्हणाला, पण खुर्चीवरची पिशवी काही उचलेना. मागे डफ पुन्हा सुरू झाला होता. तो आईकडे बघत तसाच उभा राहिला, लहान मुलासारखा.

सासूबाईंनी खुर्ची पुन्हा समुद्राकडे ओढली.

“जा,” त्या म्हणाल्या. “चंद्र अजून पुरता वर आलेला नाही.”