चुन्याचा हात

शुभदाने मेगरचा दांडा फिरवायला घेतला तसा काटा क्षणभर थरथरला आणि शून्यावर जाऊन पडला. तिने वेग वाढवून पाहिला. काटा हलला नाही.

"किती?" भिकाजीकाकांनी विचारले. पॅनलवर टाकलेले गोणपाट वाऱ्याने उडू नये म्हणून ते दोन्ही हातांनी दाबून धरून उभे होते.

"शून्यच."

"म्हणजे चौथोय गेलो."

वीज जिथे जायला नको तिथे झिरपते आहे का, हे सांगणारे ते यंत्र तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन दिवसांसाठी मागून आणले होते; काटा शून्यावर पडला की झिरपते आहे असे समजायचे. गेल्या वर्षी बी.एस्सी. झाल्यापासून ती तिथेच मदतनीस होती. सावित्रीमावशी तिच्या आईची थोरली बहीण, भिकाजीकाका मावशीचे यजमान. तोंडवलीच्या किनाऱ्यालगतच्या या घरापर्यंत विजेचे खांब अजून आलेले नव्हते. मुंबईच्या गोदीत वायरमन असलेल्या सदादादाने, मावशीच्या एकुलत्या एका मुलाने, भर समुद्रातल्या तेलविहिरीवरून भंगारात निघालेली, उन्हावर वीज करणारी नऊ पॅनल विकत घेतली होती आणि ट्रकवाल्याच्या हातापाया पडून गावी पाठवली होती. त्यांतली आठ परसात लोखंडी घोडीवर एकापुढे एक जोडली होती. त्यांच्यावर जुन्या बोटीतली एक मोटर विहिरीचे पाणी वर चढवायची.

माघापासून मृगापर्यंत पंप चालला. पावसाळ्यात मात्र मोटर नुसती गुरगुरू लागली, आणि ओला हात पाइपाला लागला की झिणझिण्या यायच्या. मावशीचा खांदा निखळलेला, काकांना हर्नियाच्या ऑपरेशननंतर ओझे वर्ज्य. शेजारची काशीबाई रोज चार कळशा ओढून द्यायची, पण तिच्या जिवावर किती दिवस काढणार? चतुर्थीला आलेला सदादादा जाताना स्पष्टच बोलला होता. दिवाळीपर्यंत पंप सुरू झाला नाही, तर घराला कुलूप लावायचे आणि दोघांनी मुंबईला यायचे.

काकांनी उमेदीची वर्षे बोटीवर बत्तीसाहेबाच्या, म्हणजे विजेचे काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली काढली होती. त्यांनी आपल्या परीने शोध घेऊन पाहिला होता.

"बोटीर दोन बल्ब लावूचे," ते सांगू लागले, "आणि मधली वायर बोटीच्या लोखंडाक. जो बल्ब विझात, ते बाजूक फॉल्ट. हंय लावलंय तर कदी ह्यो विझता, कदी त्यो. डोळे मिचकावल्यासारखे."

"कोणाक बघून मिचकावतत कोणास ठाऊक," मागच्या दारातून मावशी म्हणाली. "ह्या वयात."

शुभदा हसली. मग पॅनलची मागची बाजू बघायला वाकली आणि तशीच थांबली. फ्रेमच्या कडेकडेने आणि पाठभर पांढरट, जाडसर लेप होता. तिने नखाने खरवडला. नखाखाली ओलसर पीठ आले.

"काका, ह्या काय लावलात?"

"चुनो. चुनो नि मोरी माशाचा तेल." काकांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "होडयेक लावतत, तसो. पावसाच्या तोंडार दोन हात दिलंय. खाऱ्या पाण्यात होडी चाळीस वर्सां टिकता, मगे ह्येंका वारोच लागता नुसतो."

शुभदाने सांगून टाकले. पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिले, की निदान संध्याकाळपर्यंत थांबायला हवे होते.

"चुनो ओल धरून ठेवता, काका. ओल्या चुन्यातसून वीज फ्रेमीत जाता, फ्रेमीतसून घोडयेत. आठवय पॅनल तशेच."

काकांनी गोणपाट सोडले. ते वाऱ्याने उडून माडाच्या बुंध्याशी जाऊन पडले.

"म्हणजे माझ्याच हातान," ते म्हणाले.

त्या दुपारी उरलेल्या चारांचाही काटा शून्यावर पडलेला पाहून दोघांनी मिळून दोन पॅनल उतरवली. नारळाच्या सोडणाने पाठ घासली, काशीबाईने आणून दिलेल्या पाण्याने धुतली आणि उन्हात पालथी ठेवली. काकांनी एकदाही वर पाहिले नाही. घासून घासून हाताची कातडी सोलवटली तरी ते घासतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅनल खडखडीत वाळलेली दिसत होती. शुभदाने दांडा फिरवला. शून्य. दुसरे घेतले. शून्य.

चुन्याने पाठ आतपर्यंत खाल्ली असेल, असे एक मन म्हणाले. पण असेल म्हणजे काय? ज्याला चुना लागलाच नाही असे एखादे पॅनल तपासल्याशिवाय ते कळणार नव्हते.

"मावशे, नववो खंय?"

नववे माळ्यावर होते. अडीअडचणीला असू दे म्हणून सदादादाने जास्तीचे पाठवले होते, ते अजून मुंबईच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. शुभदाने ते खाली काढले. कोरडे असताना काटा दोनावर थांबला. वाईट नव्हे. मग तिने ओले फडके पाठीवर पसरले, जरा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा दांडा फिरवला. काटा सरकत सरकत शून्यावर गेला. धड पॅनलचा काटा नुसती पाठ भिजल्याने असा पडला नसता.

तिने ते वाळवले, भिजवले आणि पुन्हा पाहिले. तीन वेळा तेच. उन्हात तिरके धरल्यावर काचेच्या आत कडेने गंजासारखी तपकिरी रेघ दिसली, आणि तिच्या आतल्या बाजूला हिरवट बुरशीसारखे काहीतरी. खारे पाणी आत शिरून वर्षे झाली होती.

ती जवळजवळ धावतच परसात गेली.

"काका, तुमच्या चुन्याचो दोष नाय! नवव्याक चुनो लागलोच नाय, तरी त्यो तसोच. सगळे आतसून गेलेले, थंय दर्यात असतानाच. पावसाळो इल्यार जातलेच होते. तुमी काय लावला नसतात तरी."

काका विहिरीच्या कठड्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडेल म्हणून ती बघत राहिली.

"नक्की?"

"तीनदा बघलंय."

"म्हणजे सदान इकत घेतल्यान, तेवाच मेलेले होते."

"होय."

काकांनी सोलवटलेली बोटे गुडघ्याला पुसली. विहिरीत कुठेतरी बेडूक डुबकला.

"तू लिवतलंस तेका?"

"वाट बघता तो. आजच लिवतंय."

"मगे चुन्यान गेले म्हणान लिही. माझ्या चुन्यान."

"पण ता खोटा, काका."

"खोटा तर खोटा." काका पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलले. "आता आमी तेच्या घराक जातलों. दोन खोलये, तेची बायल, पोरां. रवलेले दिवस थंयच. तो माझ्यार रागावलो तर रागावांदे. रागावलेल्या झिलाच्या घरात रवाक येता, बाय. ओशाळलेल्याच्या नाय."

मागच्या दारात मावशी कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळले नव्हते.

"लिही गो," ती म्हणाली. "आणि असाय लिही, आवस नको नको म्हणी होती, तरी म्हाताऱ्यान आयकाक नाय."

"तू कदी नको म्हटलंस? चुनो तूच चाळून दिलंस!"

"दिलंय. पण तेका खरा वाटाक होया मा?"

काका हसले नाहीत. उठून त्यांनी घोडीवरचे पहिले नट सोडायला घेतले.

शुभदा ओटीवर पत्र लिहायला बसली. पहिल्या चार ओळी सहज झाल्या. मग तिला सदादादा आठवला. गोदीतला वायरमन. नुसत्या शब्दांवर तो थांबणार नव्हता. तिने कोष्टक आखले, एकेका पॅनलपुढे आकडा घातला आणि आठव्या ओळीखाली रेघ ओढली.

रेघ ओढून झाल्यावरही पेन तिच्या हातातच राहिले. दिवाळीला तो न्यायला येईल. सामान बांधता बांधता माळ्यावर चढेल, आणि चुना न लागलेले नववे त्याच्या हाती लागेल.

ती उठली, नववे पॅनल उचलून खळ्यात नेले आणि पालथे ठेवले.

"काका," तिने हाक मारली, "चुनो उरलोहा मा थोडो?"

काकांनी हातातला पाना थांबवून तिच्याकडे पाहिले, मग त्या पालथ्या पॅनलकडे. काही न विचारता ते खोपीतून कुंचा आणायला गेले.